सहा नंबरच्या खाटेजवळ कोण होते?

जूनमधील दुसरा मंगळवार, दुपारी सव्वातीन : दौंडच्या एका खासगी रुग्णालयात, खाट क्रमांक सहावर, माझी पत्नी सुमन हिचे निधन. ऑगस्टचा पहिला सोमवार : पाटसची पल्लवी तेथे प्रशिक्षणार्थी परिचारिका म्हणून रुजू. सप्टेंबरअखेर : माझ्या अकराव्या पत्राला पहिले उत्तर.

जबाबदार : वैद्यकीय अधीक्षक, रुग्णाला स्पर्शही न करता तक्त्यात ताप लिहिणाऱ्या त्या दिवशीच्या परिचारिका, आणि तिसरा मी. सुमन जात होती तेव्हा मी बाहेरच्या बाकावर त्यांच्याविरुद्ध तक्रार लिहीत होतो.

रुग्णालयाचे नाव संपादकांनी गाळले आहे, मी नव्हे.

मी शिरूरच्या कोर्टातला निवृत्त लिपिक. शपथपत्राशिवाय सख्ख्या भावावरही विश्वास ठेवला नाही. भुताखेतांचा तर प्रश्नच नव्हता...

सुमन स्वतः नर्स. वडगाव रासाईला सव्वीस वर्षे. रुग्णाला हात लावण्याआधी ती दोन्ही तळवे स्वतःच्या काखेत धरून उबवत असे. मी हसायचो.

रुग्णालयाचे ते उत्तर मी काउंटरवरच उघडले. 'निधनसमयी रुग्णाजवळ कोणीही उपस्थित नव्हते.' मला घेरी आली. बाकावर बसवून बीपी घ्यायला एक मुलगी आली — हीच पल्लवी. यंत्राला हात लावण्याआधी तिने तळवे काखेत धरले.

हे कोणी शिकवले, मी विचारले.

"सहा नंबरच्या आजींनी. माझ्या पहिल्याच दिवशी. म्हणल्या, गार हात लागला की माणूस आक्रसतंय. आधी ऊब दे, मंग नाव विचार, मंग सुई."

मी खूण विचारली. डाव्या करंगळीचे एक पेर नव्हते, ती म्हणाली. सुमनचे नव्हतेच. मी तिचा कोण, हे या मुलीला ठाऊक नव्हते.

"गेल्या तवा मीच हात धरला व्हता, आबा. मालकांना बोलवू का म्हणलं, तर म्हणल्या — राहू दे, भाईर तक्रार लिहित्यात. मधीच उठवलं की अक्षर बिघडतं त्यांचं."

हजेरीपट मी स्वतः तपासला. ऑगस्टपूर्वी ही मुलगी तेथे नव्हती. ऑगस्टपासून त्या खाटेवर एकही स्त्री दगावलेली नाही.

याचा उलगडा मला झालेला नाही. तक्रारीतील बाकी सर्व मुद्दे मी मागे घेतो. अधीक्षक महोदय, एवढेच सांगा — आपले पत्र खरे, की ही मुलगी? सुमन एकटी गेली, की तिचा हात कोणाच्या हातात होता? खासगी खुलासा मी स्वीकारणार नाही. उत्तर याच सदरात, आपल्या सहीनिशी, जाहीर द्यावे.