टोक दिसेनासं होईपर्यंत

निघायच्या दिवशी टॅक्सी ठाकुर्लीच्या आमच्या चाळीसमोर उभी होती आणि पप्पा ड्रायव्हरला माझ्या पीएचडीचा विषय समजावून सांगत होते. "लेझर असतो ना, त्याचाच उजेड आरशावरून फिरवून परत त्याच्यात सोडायचा. मग तो भंजाळतो." ड्रायव्हरने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. आई डिकीत मसाल्याचा डबा कोंबत होती. माजिवड्याच्या सिग्नलपर्यंत मी रडले, पुढे पासपोर्ट चाचपत बसले.

तुम्हा मित्रमैत्रिणींपैकी जे तिकडे देशातच आहेत ते विचारतात, माझ्यासारखे बाहेर पडलेलेही विचारतात, की तू बेल्जियममध्ये नक्की करतेस काय. पप्पांनी सांगितलं ते खरंच आहे. भंजाळलेल्या लेझरचा प्रकाश इतका वेडावाकडा लुकलुकतो, की त्यात निरोप लपवून पाठवता येतो. खोट एवढीच, की तो लुकलुकाट थोडाथोडा पुढे सरकवून स्वतःशीच ताडून पाहिला तर आलेखावर एक टोक वर येतं. प्रकाशाला आरशापर्यंत जाऊन यायला जितका वेळ लागतो, बरोब्बर तिथे. चोरून ऐकणाऱ्याला त्यावरून आरशाचं अंतर कळतं आणि आमचं अर्धं गुपित फुटतं. ते टोक नाहीसं करायचं, हे माझं काम.

चाळीत माझ्या बारावीच्या पेपरांचं वेळापत्रक शेजारच्या काकूंना माझ्याआधी पाठ असायचं. इथे खोलीत हीटर तेवढा कुरकुरतो, आणि डाळीला फोडणी दिली की स्मोक अलार्म बोंबलतो. शेजार म्हणायचा तो एवढाच.

पहिल्या हिवाळ्यात टोक गेलं. आरसा दूर नेण्यासाठी मी मध्ये लांबलचक ऑप्टिकल फायबर जोडलं होतं. आलेख सपाट आला आणि मी लॅबमधूनच घरी फोन केला. संध्याकाळपर्यंत पप्पांनी चाळीत पेढे वाटले, कोलशेतला आत्याकडेही पोचवले. दुसऱ्या दिवशी माझ्या प्राध्यापिकेने आलेखावरची वेळेची पट्टी लांबवली. टोक होतंच, चांगलं ताठ. अंतर वाढल्यामुळे ते फक्त माझ्या पडद्याबाहेर सरकलं होतं. आमच्या क्षेत्रात ही चूक नवशिके करतात, पण तिच्यावर पेढे बहुधा कोणी वाटले नसावेत.

प्राध्यापिका शांतपणे म्हणाल्या, की वर्षअखेरच्या परीक्षणापर्यंत जमलं नाही तर विषय बदलावा लागेल, दुसरा सोपा विषय तयार आहे. तो घेतला असता तर डिग्री मिळाली असती. पण मी घर सोडलं होतं ते याच कामासाठी, आणि मला हेच करायचं होतं.

त्याच रात्री घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "अगं, ये मग परत. इथे कुठल्याही कॉलेजात लागशील." पप्पांनी तिच्या हातून फोन घेतला. मग म्हणाले, "लोकांचे पेढे खाऊन झालेत, प्रज्ञा. आता काय परत मागायचे? तू कर ते काम."

मग मी हट्टालाच पेटले. साधा आरसा काढून टाकला आणि असं फायबर बसवलं, ज्यात प्रकाशाची प्रत्येक बारीक छटा वेगवेगळ्या खोलीवरून मागे फिरते. म्हणजे कोणाला सापडावं असं एकच अंतर उरत नाही. लिहायला सोपं आहे. परतीचा प्रकाश जास्त झाला की टोक पुन्हा डोकं वर काढायचं, फार कमी झाला की लेझर शहाण्यासारखा शांत व्हायचा. भाजीत मीठ बेतावं तशी मी ती मात्रा बेतत राहिले. कंटाळा आला, रडू आलं, पण सोडावंसं वाटलं नाही.

परीक्षणाच्या थोडं आधी टोक आजूबाजूच्या गोंगाटात बुडालं. या वेळी मी पट्टी जाईल तिथवर लांबवली. दुसऱ्या पद्धतीनेही शोधलं. शेवटी प्राध्यापिकेला माझ्या खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आता तुम्ही शोधा. त्यांनाही सापडलं नाही. विषय माझाच राहिला.

घरी फोन लावला. पप्पांनी आधी विचारलं, "शेवटपर्यंत बघितलंस?"

"बघितलं."

"मग झालं तर. चाळीत काही सांगायची गरज नाही. त्यांना वाटतंय, केव्हाच झालंय."

पहिलं फसलं होतं, हे त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

घर म्हणजे काय, असं आता मनात येतं तेव्हा मला चाळीतली आमची खोली फारशी आठवत नाही. माझं काम होण्याआधीच ते झालं म्हणून तोंड गोड करून बसलेली माणसं आठवतात. त्यांना खोटं पाडायची माझी तयारी नाही.