अंड्यापुरता उजेड

विदामावशीने आयुष्याची एकतीस वर्षं दिवसाढवळ्या अंधारात बसून काढली. हे मी दुःखाने सांगत नाही, तिची नोकरीच तशी होती. आमच्या गावाबाहेर टिसा नदीकाठी सरकारी उबवणी केंद्र होतं. तिथे खिडकी नसलेल्या खोलीत पत्र्याचा एक खोका असे, खोक्यात दिवा, आणि खोक्याला रुपयाएवढं भोक. त्या भोकावर एकेक अंडं धरायचं आणि आत जीव आहे की नाही ते सांगायचं. बाहेर ऊन असो की बर्फ, मावशीला त्याचं काही नव्हतं.

या नोकरीनेच तिचं लग्न जमवलं. स्रेदोये तेव्हा केंद्रात ट्रॅक्टरवरून खोकी आणून टाकायचा. एका दुपारी मावशी खोलीतून बाहेर आली, उन्हाने तिचा एक डोळा मिटला, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या स्रेदोयेला वाटलं, पोरीने डोळा मारला. दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. तिने पुन्हा डोळा मारला. महिनाभराने त्याने मागणी घातली तेव्हा मावशीला कळेना, हा माणूस आपल्याशी कधी बोललासुद्धा नाही, आणि लग्नाचं काय काढतो! पण तोवर त्याने आईला सांगून टाकलं होतं.

केंद्र बंद पडलं, मावशी घरी बसली, सवय मात्र सुटली नाही. हातात येईल ते ती उजेडासमोर धरते. नोट, पाकीट, सॉसेज, डॉक्टरने दिलेली गोळी. माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला होता, त्यालाही तिने "जरा खिडकीजवळ बस बाळा" म्हणून उठवलं होतं. मी तिचा शेजारी तिहोमिर. गल्लीत चालू स्थितीतली गाडी माझ्या एकट्याकडे आहे, त्यामुळे मावशीच्या आयुष्यात जे घडतं त्यात मी असतोच.

यंदाच्या मार्चमध्ये मावशीने स्रेदोयेने बनवलेल्या लाकडी पेटीत हंसाची चोवीस अंडी उबवायला लावली. हंस म्हटल्यावर सरोवर नि कमळं डोळ्यांपुढे आणू नका. आमचे हंस अंगणभर घाण करतात आणि पोस्टमनच्या पोटरीला चावतात. तर आठव्या दिवशी ही अंडी उजेडात धरून बघायची असतात. रिकामं असेल ते काढून टाकायचं, नाहीतर आत सडतं. नेमका सातव्या दिवशी तिचा जुना दिवा गेला. तसला बल्ब आता कुठे मिळतही नाही.

स्रेदोयेकाकाने मोठ्या तोऱ्यात आपली बॅटरी आणली. टीव्हीवरची जाहिरात बघून मागवलेली. काळीकभिन्न, हातोडीएवढी, कडेला दात, सोबत शिट्टी आणि होकायंत्र.

"सैन्यात वापरतात," काका म्हणाला.

मावशीने ती अंड्याला लावली. निळसर पांढरा झोत अंड्याच्या चारी बाजूंनी सांडून छतावर पडला. अंडं मात्र मधे काळं ठिक्कर.

"सैन्यात अंडी उबवतात का?" मावशीने विचारलं.

"अगं, नऊ हजार लुमेन आहेत! डब्यावर लिहिलंय!"

"डब्यावर तर तरुणीचा फोटोपण आहे. आली का ती?"

काका शिट्टी घेऊन बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, तालुक्याचा बाजार. मावशी माझ्या गाडीत बसली तेव्हा दोन्ही हात छातीवर घट्ट धरून बसली. मला वाटलं, दुखतंय.

"दवाखान्यात नेऊ का?"

"गाडी नीट चालव. आत अंडं आहे."

पेटीतलं एक अंडं लोकरी मोज्यात गुंडाळून तिने पोलक्यात ठेवलं होतं. "चप्पल घ्यायला जाताना पाय बरोबर नेतोस ना? तसंच," ती म्हणाली. मी खड्डे चुकवत गाडी चालवू लागलो.

बाजारात दालिबोरचं दुकान म्हणजे एक लांब टेबल. वर मेणकापड, त्यावर सुऱ्या, घड्याळं, नेलकटर आणि बॅटऱ्यांची रांग. दालिबोर पूर्वी शाळेत कवायत शिकवायचा. आवाज अजून तसाच.

"या आजी! ही बघा. पाण्यात टाका, दगडावर आपटा, वरून गाडी न्या! उजेड दोन किलोमीटर जातो!"

"आजी तुझ्या घरी. आणि दोन किलोमीटरवर माझं काय काम आहे? माझं काम इथे, चार बोटांवर आहे." तिने मोजा काढला. मोज्यातून अंडं काढलं. दालिबोर एक पाऊल मागे सरला. "अंधार कुठे आहे तुझ्याकडे?"

"अंधार?"

"बॅटऱ्या विकतोस आणि अंधार ठेवत नाहीस? उन्हात कोणाला कळणार ती कशी लागते?"

ऊन खरंच लख्ख होतं. दालिबोरने इकडे-तिकडे पाहिलं. मावशीने पाहिलं ते खाली. मेणकापड पुढून जमिनीपर्यंत लोंबत होतं. तिने मला गाडीतली घोंगडी आणायला पिटाळलं, तिन्ही उघड्या बाजू बंद करून घेतल्या, आणि अडुसष्ट वर्षांची आमची मावशी गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली गेली. बाहेर फक्त तिचे बूट राहिले.

"दे एकेक," आतून आवाज आला.

मी वरून बॅटरी उचलायची, घोंगडीच्या फटीतून आत द्यायची, निकाल ऐकायचा, परत ठेवायची. निकाल अख्ख्या ओळीला ऐकू जात होते.

"हिच्या उजेडाला मधे भोक आहे. काढ!"

"ही पुढे-मागे सरकते. छान आहे. पण सरकवलं की अंड्यावर चौकोन पडतो, खिडकी उघडल्यासारखा. काढ!"

"हिचे तीन सेल आत खुळखुळतायत. माझे दात असे झाले तर मी घराबाहेर पडणार नाही. काढ!"

"अगं बाई! ही लुकलुकते! अरे दालिबोर, ही बंद कशी करायची?"

"एकदा दाबलं की मोठी, दुसऱ्यांदा बारीक, तिसऱ्यांदा लुकलुक, मग बंद!" दालिबोर वाकून ओरडला.

"म्हणजे बंद करायला दर वेळी लुकलुकीतून जायचं? चोवीस अंड्यांना चोवीस वेळा? मला फेफरं येईल. काढ!"

एव्हाना लोक जमले होते. चीज भरलेलं बुरेक खात उभ्या असलेल्या एका गृहस्थाने मला विचारलं, "आत कोण आहे?"

"आमची मावशी."

"पाय मोडला का?"

"नाही. अंडं बघतेय."

तो चावायचा थांबला. "टेबलाखाली?"

मी मान डोलावली. त्याने बुरेक कागदात गुंडाळलं आणि नीट उभं राहायला जागा करून घेतली.

सगळी रांग संपली. एकही पसंत पडली नाही. दालिबोरचा चेहरा उतरला. "आता काही नाही हो. आहेत त्या या गुलाबी." सुऱ्यांच्या खोक्यामागे एक पिशवी होती, तीत बोटभर लांबीच्या, चावीला अडकवायच्या गुलाबी बॅटऱ्या. "सुरीवर फुकट देतो. तरी लोक नको म्हणतात."

मी एक आत दिली. टिक असा आवाज झाला. मग काहीच नाही. निकाल येईना.

"मावशी? बरी आहेस ना?"

"गप्प बस. हलतोय."

थोड्या वेळाने ती बोलू लागली, पण हळू, अंड्याला ऐकू जाऊ नये तशी. तोंड बारीक आहे, अंड्याला चिकटून बसतं, उजेड कडेने सांडत नाही. उजेड पिवळसर आहे, दिव्यासारखा. एकदा दाबलं की लागते, एकदा दाबलं की विझते. सेल एकच, तोही कुठल्याही दुकानात मिळणारा. आणि बुडावर उभी राहते, दोन्ही हात मोकळे. "ही चांगली आहे," ती म्हणाली. "रंग घाणेरडा आहे, पण मी कुठे ती घालून लग्नाला जाणार आहे?"

दालिबोरला राहवेना. तोही आत शिरला. आता बाहेर बुटांचे दोन जोड. आतून त्याचा कवायतीचा आवाज, एकदम बारीक झालेला, "ते लाल धागे... आणि तो काळा ठिपका... मावशी, तो डोळा आहे?"

"हो. तू ओरडू नकोस म्हणजे झालं."

तो बाहेर आला तेव्हा डोळे पुसत होता. म्हणाला, धूळ गेली. टेबलाखालची धूळ खरी, पण इतकी नव्हती.

मग काय, सगळ्यांनाच बघायचं होतं. बुरेकवाला गृहस्थ पहिला. त्याच्यामागे दोन बहिणी, मग टोपी काढून एक पाद्री. एकेक जण चार पायांवर आत जाई आणि बाहेर येऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राही. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग पाद्र्याच्या मागची बाई पिशवीतून कोंबडीचं अंडं काढून म्हणाली, "हे पण बघता का? आत्ताच घेतलंय. ताजं आहे ना?"

अंडं शेजारच्या झागोर्काकडचं होतं. झागोर्का बाजारात वीस वर्षं अंडी विकते. बाई उंचीला माझ्याएवढी आणि आवाजाला दालिबोरपेक्षा दोन पट.

टेबलाखालून निकाल आला. "तीन आठवड्यांचं. आतली हवेची पोकळी बघ केवढी वाढलीय."

झागोर्का टेबलाजवळ आली आणि वाकली. "कोण म्हणतं ते? बाहेर ये! काल घातलंय ते कोंबडीने!"

मावशी रांगत बाहेर आली. उन्हाने तिचा एक डोळा मिटला.

"वर डोळा मारतेय मला!" झागोर्का किंचाळली.

"काल घातलं असेल तर ती कोंबडी मला दाखव, मी तिला वर्तमानपत्रात छापून आणते," मावशी गुडघे झटकत म्हणाली. "मी खराब म्हटलं का? म्हातारं म्हटलं. मीही म्हातारी आहे. केक होईल त्याचा. उकडलंस तर सोलतंही छान."

"गिऱ्हाईक पळवलंस माझं!"

"मग तू स्वतः बघून विकत जा. वीस वर्षं अंडी विकतेस, कधी आत डोकावलीस?"

 झागोर्का गर्रकन वळून दालिबोरकडे गेली. मावशीने माझ्या हातातून मोजा घेतला, अंडं पुन्हा पोलक्यात ठेवलं, केस नीट केले आणि म्हणाली, "चल रे, दालिबोर, बांधून दे ती गुलाबी."

दालिबोर पांढरा पडला. पिशवी रिकामी होती. आम्ही भांडण ऐकत होतो तेवढ्यात त्याने सगळ्या विकल्या होत्या. सुरीवर फुकट द्यायची वस्तू साडेतीनशे दिनारला.

"पण माझी? टेबलाखाली ठेवलेली?"

"ती... तीपण गेली."

"कोणाला?"

दालिबोरने बोट दाखवलं. झागोर्का आपल्या दुकानात पाठ फिरवून बसली होती, आणि एक अंडं गुलाबी बॅटरीवर धरून, डोक्यावर एप्रन घेऊन बघत होती.

मावशी गेली. मीही गेलो, मधे पडायला कोणीतरी हवं म्हणून.

"ती माझी आहे. मी निवडलीय," मावशी म्हणाली.

"मी पैसे दिलेत." एप्रनच्या आतून आवाज. "आणि हिच्यात काही दिसत नाही. नुसतं केशरी केशरी दिसतं. फसवणूक आहे."

"उलटं धरलंयस."

एप्रन खाली आला. "म्हणजे?"

"जाड बाजू उजेडावर. हवा तिथे असते."

एप्रन वर गेला. बराच वेळ वरच राहिला. मग आतून अगदी वेगळ्या सुरात ऐकू आलं, "आई शप्पथ!" पुढे थोडं थांबून, "हे तर महिन्याचं असेल."

तडजोड माझ्या गाडीच्या बॉनेटवर झाली. बॅटरी झागोर्काची, डोळे मावशीचे. रविवारी सकाळी झागोर्का बॅटरी घेऊन येईल, मावशीची चोवीस अंडी बघून होतील, आणि त्यातच झागोर्काची शिकवणी. तिला आणायचं-पोचवायचं कोणी, हे कोणी विचारलंच नाही.

रविवारी खोलीचे पडदे ओढले, कॉफी झाली आणि दोघी बसल्या. एकोणीस अंड्यांत जीव निघाला. पाच रिकामी. चार मावशीने बाजूला ठेवली. पाचवं झागोर्का सोडेना.

"यात आहे काहीतरी. सावली आहे."

"ती तुझ्या अंगठ्याची सावली आहे."

"तू सगळ्यांना म्हातारं म्हणतेस, रिकामं म्हणतेस! जरा दया नाही तुला!"

"एकतीस वर्षं झाली मला—"

"आणि एकतीस वर्षांत एकदाही चुकली नाहीस?"

 बघता बघता मावशीचे कान लाल झाले. एकदा चुकली असणार, आणि ते तिला अजून लागत असणार. तिने अंडं परत पेटीत ठेवलं. "ठेव. पण जबाबदारी तुझी."

पुढच्या दोन रविवारीही झागोर्का आली. आता बॅटरीला तिने, अंडं घसरू नये म्हणून, सायकलच्या ट्यूबचं वळं बसवलं होतं. ती पहिल्यांदा आपलं लाडकं अंडं बघे. "वाढतंय," म्हणे. मावशी छताकडे बघे. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सगळे कॉफी पीत असताना पेटीतून बार उडाल्यासारखा आवाज आला. काकाने कप टाकला. मग वास आला. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही, पण समोरच्या घरातल्या माणसाने येऊन विचारलं की कोणी गेलं का.

 झागोर्काने बाह्या सरसावल्या, कोमट पाण्याची बादली मागितली आणि एकोणीसच्या एकोणीस अंडी हाताने पुसून काढली, मग पेटी घासली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. वासाने की कशाने, कोण जाणे. मावशी शेजारी बसून कोरडी फडकी देत राहिली.

"सांगितलं होतं ना मी," असं ती म्हणेल म्हणून आम्ही सगळे वाट बघत होतो. ती म्हणाली, "मी चुकले तेव्हा जिवंत अंडं रिकामं समजून फेकून दिलं होतं, झागा. तू निदान ठेवलंस."

एप्रिलमध्ये सतरा पिल्लं निघाली. दोन झागोर्काला दिली. तिने ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर सोबत घेतली, बॅटरी गळ्यात, पिल्लं मांडीवर. पाच मिनिटांत मांडी त्यांना पुरेना. त्यांनी सगळी सीट पाहून घेतली, आणि सगळीकडे आपली खूण ठेवली. मी आरशातून बघून "अहो बाई, कागद घाला खाली" म्हटलं.

"तू समोर बघ रे," झागोर्का म्हणाली. "घाबरतात ती तुझ्या आवाजाला."

सीट मी दोनदा साबणाने आणि एकदा राकियाने, म्हणजे घरच्या दारूने, धुतली. वास गेला नाही. गाडी विकायला काढलीय, पण अजून कोणी घेत नाही.