इंदूची बोहारभाजी

फोन इंदूच्या मुलाचा होता, सेक्टर दहामधून. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. मला रडू नंतर आलं, आधी राग आला. चार दिवसांपूर्वीच ही बाई माझ्याकडे जेवून, भरल्या वांग्यात तीळ जास्त झाला म्हणून मलाच सुनावून गेली होती, आणि दुपारच्या झोपेत सगळं आवरून मोकळी! महिना झाला त्याला. पण खरं सांगते, तिचा विषय निघाला की मला सुतकी तोंड करून बसताच येत नाही, बोलायची नुसती घाई होते... म्हणून हे लिहायला घेतलं.

तेव्हा भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता. कामगारांच्या कॅम्प एकमध्ये आमच्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत, तीही पत्र्याची. माझे हे रेल्वेत, दुर्ग लाइनवर. मी नागपूरकडची, आठ महिने आधी आलेली, म्हणून स्वतःला भिलाईची पाटलीण समजत होते. इंदू भंडाऱ्याकडच्या धानाच्या गावातून नवी नवरी होऊन आली. तिचा नवरा वामनराव भट्टीच्या उभारणीवर फिटर, कायम डबल ड्युटी. काय दिवस होते ते! जिकडे बघावं तिकडे क्रेन, लाल धूळ, मद्रासी, बंगाली, पंजाबी, रशियन साहेब... भोंगा वाजला की अख्खी वस्ती धावत सुटायची. आणि या सगळ्यात इंदूला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. बाजारात जायची, नुसती बघत उभी राहायची आणि रिकामी पिशवी घेऊन परत. रोज वरण-भात, नाहीतर बेसन. वामनराव वाईट नव्हता, थकलेला होता. एक दिवस त्याने सांगूनच टाकलं की होळीला गावी जाईन तेव्हा तुला आईजवळ सोडून येईन, माझं मेसमध्ये भागतं. इंदू माझ्या दारात येऊन बसली. "मी गावाले गेली तर हा माणूस मले परत आणत नाई, बाई," म्हणाली. तिला इथेच संसार करायचा होता, आणि होळीला पंधरा दिवस उरले होते.

मी लगेच पदर खोचला. बाजार कसा करतात ते तुला मी दाखवते, म्हणून तिला हाताला धरून नेलं. आणि पहिल्याच बाईच्या टोपलीत काय, तर भोकराच्या कळ्या! हिरव्यागार, कोवळ्या, देठासकट खुडलेल्या. आता आमच्याकडे भोकर म्हणजे लोणचं. झाडाला बार आला की पोरांना खाली फिरकू देत नाहीत, आणि ही बाई कळीतच मोडून विकायला बसलेली! माझं डोकंच फिरलं. तोडक्यामोडक्या हिंदीत मी तिला भरलं झाड नासवणारी ठरवलं, वर्षाच्या लोणच्याचा सत्यानाश केला म्हणून झापलं, चार माणसं गोळा केली. फुलबासन तिचं नाव. तिने सगळं ऐकून घेतलं, टोपलीवर फडकं टाकलं आणि म्हणाली, "जा दाई, तोला नइ बेचंव." तिने विकायचं नाकारल्यावर त्या रांगेतल्या एकीनेही आम्हाला मुळ्याचं पान दिलं नाही. इंदूची पिशवी पुन्हा रिकामी, आणि या वेळी माझ्या तोंडामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तसं कबूल करायला माझी जीभ कुठली वळायला!

दुसऱ्या दिवशी इंदू मला न सांगता एकटीच गेली, हे तिनेच मग मला सांगितलं. फुलबासनजवळ जाऊन बसली आणि एक शब्द न बोलता तिच्या कळ्या निवडायला लागली. देठ वेगळे, जून पानं वेगळी. शेतकऱ्याची पोर ती, हात भराभर चालायचा. फुलबासनने अर्धा तास बघितलं, मग स्वतःच एक कळी बोटांत चुरडून तिला चिकट तार दाखवली आणि शेजारी बसलेल्या बाईच्या ताकाच्या मडक्याकडे बोट केलं. आंबट ताक पडलं की चिकटपणा जातो, एवढंच. छत्तीसगढी लोक या कळ्यांना बोहार म्हणतात आणि तिची भाजी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, हे आम्हाला कुठे ठाऊक!

संध्याकाळी पत्र्यापलीकडून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी आली, मग चण्याच्या डाळीसोबत शिजणाऱ्या कळ्यांचा वास, आणि शेवटी ताकाचा तो आंबट दरवळ... मी चूल सोडून पत्र्याला कान लावून बसले. लाज कसली! वामनराव जेवायला बसला. बराच वेळ नुसता भुरके मारल्याचा आवाज. मग त्याने आणखी भात मागितला, मग आणखी भाजी. भाजी कशाची आहे आणि कुठून आणली, ते विचारून घेतलं. शेवटी हात धुताना म्हणाला, "होळीले मी एकटाच जाऊन येतो."

"आत्याबाईले का सांगसान?" इंदूने सासूचं विचारलं.

"सांगतो, इंदू बाजार करून राहिली."

मी पत्र्याअलीकडे तोंडात पदर कोंबून रडले, सांगून ठेवते!

मग काय विचारता! लाल भाजी, चेच भाजी, तिवरा... तिवरा म्हणजे आपलीच लाखोळी, तिच्या गावी धानानंतर पेरतात ती, हे कळल्यावर तर तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांना सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळालं, पुढे सेक्टर दहा. चाळीस वर्षं आम्ही बाजार जोडीनेच केला. बोलायची ती, मी पिशवी धरायची. मी तोंड उघडलं की म्हणायची, "तू चूप राह्य." आणि मी, हो मीच, चूप राहायचे.

परवा बोहार आला बाजारात. एकटीच गेले. टोपलीवाली पोरगी माझ्या मागे कुणाला तरी शोधत होती. म्हणाली, "दीदी नइ आइस? गाँव गे हे का?"

चाळीस वर्षांनी मी त्या रांगेत आवाज चढवला. चार माणसं वळून बघायला लागली, बघू देत.

"नाई," मी म्हणाले, "गावाले नाई गेली. ते इथंच राह्यली."