एका बोटाची प्रार्थना

मंगळवार पेठेतल्या माझ्या नेट कॅफेत एक काका रोज संध्याकाळी सहाला येत. चपला बाहेर काढत, केस विंचरत, मग कॉम्प्युटरसमोर बसत. कॅमेरा नव्हताच. नेटवर लिहून बोलणारा बायबल अभ्यासाचा गट होता त्यांचा. कुणी शिलाँगचं, कुणी दुबईचं. एकालाही त्यांनी पाहिलं नव्हतं. टायपिंग एका बोटानं, "आमेन" मात्र मोठ्यानं.

"काका, त्यास्नी ऐकू जात न्हाय," मी एकदा चिडलो.

"देवाला जातंय की!"

आईच्या ऑपरेशनचं मी त्यांच्याजवळ सहज बोललो होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. स्क्रीनवर सात अनोळखी माणसं विचारत होती, आई कशी आहे? कुणाला सांगा म्हणून मी म्हटलं नव्हतं. रागवायचं सोडून मी ती सातही नावं वाचत राहिलो.

"काय लिवू?" बोट उचलून ते थांबले.

मी चपलांसकट उभा होतो. त्या काढाव्यात का, तेही कळेना.