घरचा संदर्भ चालत नाही

"कोण म्हणतं?" असं विचारत काका चष्मा कपाळावर चढवायचे आणि समोरच्याने ओळखायचं की आता सुटका नाही. उद्या पाऊस आहे म्हणा, अमक्याच्या मुलीचं लग्न जमलं म्हणा, काकांचा प्रश्न तयार. त्यात भांडण नसायचं. हे कोण म्हणतं, कुठे म्हणतं आणि छापून आलंय का, हे त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. तुमच्याही शेजारी असा एखादा माणूस असेल. नसेल तर तुमचं बरं चाललं असणार.

लोणावळ्यात आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहायचे, मी खालच्या. रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात, काका इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाचे संपादक झाले. तिथे कोणीही लेख लिहू शकतं, म्हणून कोणीतरी पहारा द्यावा लागतो. कुणी आपल्या आजोबांना 'थोर समाजसेवक' लिहिलं की काका आधी 'थोर' खोडायचे आणि आठवड्याभरात आजोबाही जायचे.

"माणूस चांगला असणं वेगळं, उल्लेखनीय असणं वेगळं," ते सांगायचे. "त्याच्यावर दोघा तिऱ्हाइतांनी सविस्तर लिहिलेलं पाहिजे. घरचे, मित्र, भाचे धरायचे नाहीत."

मी शाळेत शिकवते. एका सुट्टीत काकांनी आम्हा शिक्षिकांना हे काम शिकवलं. कोशात बायकांवरचे लेख फार थोडे आहेत, ही त्यांची मनापासूनची तळमळ होती. "लिहा गं पोरींनो," म्हणाले. पोरी पन्नाशीच्या. मी लेख लिहिला तो काकूंवर, म्हणजे त्यांच्याच बायकोवर.

त्याला कारण एक माकड. काकूंनी गच्चीवर शेंगदाणे वाळत घातले होते. माकडाने पिशवी उचलली आणि सत्तरीच्या काकू पाण्याच्या टाक्यांमधून कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत अशा काही धावल्या की ते पिशवी टाकून पळालं. मी तोंडात बोट घातलं.

"अगं, खो-खो खेळायचे मी," काकू धापा टाकत म्हणाल्या. जवळच्याच औंढे गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, मावळ तालुक्याच्या संघातली नावाजलेली खेळाडू. पाटीवर बसलेल्या मुलींमधून नागमोडी पळायला लागली की कुणाच्या हाती लागत नसे. लग्न झालं आणि खेळ सुटला. तो सुटलाच.

मी हौसेने लेख चढवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर लेखाच्या डोक्यावर पाटी: 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. लेख काढून टाकावा का? चर्चा करा.' खाली काकांची सही. त्याखाली आणखी एक ओळ: 'प्रस्तुत संपादक सदर व्यक्तीचे पती असल्याने मत देणार नाहीत.'

मी तावातावाने वर गेले. तिथे वेगळंच चाललं होतं. काकांनी उपम्याचा घास घेतला होता.

"मीठ नाही का यात?"

"कोण म्हणतं?" काकू म्हणाल्या.

"मी म्हणतो."

"छापून आलंय?"

काकांनी अळणी उपमा संपवला. स्वयंपाकघरात काकूंचा आवाज मात्र उतरला. "मला त्या कोशात जायची हौस नाही गं. पण या माणसाने एकदा तरी म्हणावं, तू चांगली खेळत असशील. बघायला आले तेव्हाही एक प्रश्न विचारला नाही. साऱ्या जगाला विचारतात, मला काहीच नाही." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

काकांनी ते ऐकलं असावं. कारण त्यानंतर ते पुण्याच्या वाचनालयात जायला लागले. जुनी वर्तमानपत्रं चाळून नाक शिंकरत परत यायचे. अखेर एक बातमी सापडली, दोन ओळींची. मावळच्या मुली जिंकल्या, 'कु. शेवंता हिचा खेळ प्रेक्षणीय झाला.'

"मिळालं की!" मी म्हटलं.

"शेवंता मिळाली," काका म्हणाले. "लेख सुनंदावर आहे. या दोघी एकच, असं कोण म्हणतं?"

आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहेच. लग्नात ताटातल्या तांदळावर नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. काकांनीही 'सुनंदा' लिहिलं होतं. "तेव्हा मला काय माहीत," ते म्हणाले, "की मी संदर्भ तोडतोय!"

मग आम्ही दोघं लोहगडवाडीला गेलो. काकूंच्या संघातली एक मैत्रीण तिथे गडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालते. तिने आम्ही नेलेला काकूंचा जुना फोटो बघितला आणि हसायलाच लागली. "व्हय, शेवंतीच की ही! लय चपळ. सरावात हिला धरताना माझा गुडगा फुटलाय, हे बगा." तिने खरंच खूण दाखवली.

काकांनी चष्मा वर करून गुडघा नीट पाहिला. "मावशी, हे कुठं छापून आलंय का?"

"आता गुडगा कोण छापतंय, भाऊ? जेवा तुमी."

परतताना मळवली स्टेशनच्या बाकावर बसलो होतो.  काका रुळांकडे बघत म्हणाले, "तळेगावला तो सामना झाला ना, मी होतो तिथे. अशी हुलकावणी मी जन्मात पाहिली नाही. पुढे तिचंच स्थळ आलं. मग काय विचारायचं? मी पाहिलं होतं ना."

"अहो, मग काकूंना सांगा की!"

"मी नवरा. माझ्या म्हणण्याला काय किंमत? छापील काहीतरी सापडू दे. ते तिच्या हातात ठेवतो आणि मग सांगतो. तू मात्र बोलू नकोस."

आता या माणसाला काय म्हणावं? मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल माया दाटून आली.

लेख शेवटी काढला गेला. दोन ओळींच्या बातमीवर चरित्र उभं राहत नाही, असं चर्चेत ठरलं आणि नियमाने ते बरोबरच होतं. काका वाचनालयात जात राहिले. गेल्या थंडीत एका दुपारी ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चष्मा कपाळावरच होता.

दिवसवार झाल्यावर मी वर गेले. काकू एकट्याच शेंगा फोडत होत्या. आता शब्द पाळण्यात अर्थ नव्हता.

"काकू, काकांनी तुमचा खेळ पाहिला होता. तळेगावला, लग्नाच्या आधी. अशी हुलकावणी जन्मात पाहिली नाही म्हणाले."

काकूंचे हात थांबले. त्यांनी चष्मा हळूच कपाळावर चढवला.

"कोण म्हणतं?"

"काकाच म्हणाले. म्हणून तर बघायला आले तेव्हा काही विचारलं नाही."

"त्यांचं कसं धरायचं?" काकू म्हणाल्या. "घरचे ते." आणि पदराने डोळे पुसत माझ्याजवळ सरकल्या.

"आणखी काय म्हणाले?"