आजोबांचं नदीकाठचं रान

बारामतीत कऱ्हेकाठी जी बाग आहे, ती आमच्या आजोबांच्या रानावर उभी आहे, असं मी वीसेक वर्षं सांगत आलो. लग्नात, बारशात, एकदा तर दाढी करून घेताना सलूनवाल्यालाही. आजोबांनी रान हसत हसत गावाला देऊन टाकलं, यातलं 'हसत हसत' माझ्या पदरचं.

सकाळी बागेत फिरणाऱ्या आमच्या मंडळींनी ते फारच मनावर घेतलं. त्यांचे म्होरके निवृत्त हेडमास्तर. म्हणाले, "रविवारी आजोबांच्या नावाची पाटी लावू. तुम्ही एखादा जुना फोटो आणा नि चार शब्द बोला."

जुने फोटो इंदापूरच्या आत्याकडे. गेलो. तिनं पत्र्याच्या पेटीतून काचेच्या चौकटीतला एक काढला. नदी, काठाला रान, रानभर मेंढरं, मधोमध आजोबा. मी खूश. "हे बघ, आपलं रान!"

"आपलं?" आत्या म्हणाली. "आरं, खांद्यावरची घोंगडी बघ की. मेंढरं आपली, रान दुसऱ्याचं. खतासाठी लोक रानात मेंढरं बसवून घ्यायचे, बदल्यात ज्वारी द्यायचे. तुझ्या बापानं जमीन घेतली ती लई मागनं, तीबी हितं इंदापुरात."

"आत्या, हे कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? रविवारी तूच बोलणार हायस न्हवं? मी येती. बाग बघायची हाय मला."

रविवारी आत्या पहिल्या खुर्चीवर. फोटो तिच्याच पिशवीत. मी तो घरी विसरेन, हे तिनं ओळखलं होतं. पाटीवर कापड. बायको मोबाईल रोखून उभी.

"या रानात आमच्या आजोबांची मेंढरं बसायची," मी म्हणालो. एवढंच खरं सुचलं.

"वा!" हेडमास्तर ओरडले. "स्वतःच्या रानात स्वतःची मेंढरं!"

टाळ्या पडल्या. तिथंच खाली बसलो असतो तर निभावलं असतं. पण आत्या टाळ्या वाजवत नव्हती. फोटो पिशवीतून काढून त्याची काच पदरानं पुसत होती. तिचा बाप होता तो, घोंगडीसकट.

"स्वतःच्या न्हाय," माझ्या तोंडून निघालं. "रान दुसऱ्याचं. आमी मेंढरं राखणारे."

हेडमास्तरांनी पाटीवरचं सरकलेलं कापड पुन्हा नीट केलं. "मग रान कुणाचं?"

मी आत्याकडं पाहिलं.

"मला काय ठावं? आमी तितं मुक्कामापुरती."

पाटी अजून झाकलेलीच आहे. रान कुणाचं ते शोधायचं काम सर्वानुमते माझ्याकडं आलंय. रोज सकाळी हेडमास्तर फाटकात उभे असतात. "लागला का पत्ता?"

बागेला फाटक एकच आहे.