माळवदावरची पात

वनमालाला सल्ला दिलेला खपत नाही. हे आता दिंद्रुडातल्या अख्ख्या गल्लीला माहीत झालंय, पण तेव्हा ती गावात नवीन होती आणि धुळाजी मिस्त्री बिचारे सरळ मनानं, ती ज्या मातीच्या छतावर उकरत होती त्याच्या शिडीखाली येऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस. आयुष्यभर मातीची घरं बांधली आणि उतरवली. वर मान करून म्हणाले, "पोरी, माळवद उकरायचं तर दोन्ही अंगानं सारखं उकरावं लागतंय. आन् माती वर साठवायची न्हाई. काढली की खाली."

वनमालानं फावडंसुद्धा थांबवलं नाही. "मामा, तुमचं काम आता सुटलंय न्हवं? मंग घरी बसा की निवांत. आमाला हात हायेत."

धुळाजी टोपी सारखी करून निघून गेले. नवरा अजिनाथ शेजारीच टोपलं भरत होता, तो हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला असं बोलू न्हाई." त्यावर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं लगेच टोपलं उचललं आणि चालायला लागला.

तिचंही खरंच होतं म्हणा. हात होते! पंधरा वर्षं ही जोडी ऊस तोडायला जाते. टोळीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' म्हणतात, आणि त्यांच्या टोळीत यांच्या कोयत्याला तोड नव्हती. पहाटे एकदा वनमाला आपल्या पातीला, म्हणजे वाट्याला आलेल्या उसाच्या पट्ट्याला लागली की दुसऱ्या टोकाला पोचल्याशिवाय मान वर करायची नाही. बाकीच्या बाया पाणी प्यायला बसायच्या, चुन्याची डबी काढायच्या. ही आपली सपासप पुढं. मुकादमसुद्धा तिच्याशी जपून बोलायचा. त्या पंधरा वर्षांत दर साल सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, आणि सहा महिने तलवाड्याकडच्या वस्तीवर दिराच्या पडवीत गेले. आता लेक संस्कृती तेरा वर्षांची झाली होती. आईबाप कारखान्याला गेले की ती आजीजवळ, रुक्मिणीबाईजवळ, त्याच पडवीत झोपायची. पडवीला दार नव्हतं. मागच्या साली कोपीत पडल्या पडल्या वनमालाला रोज तेवढंच दिसायचं, दार नसलेली पडवी आणि तिथं निजलेली पोर.

म्हणून हे घर. कल्याणराव वाणी दुकान बंद करून केजला लेकाकडे राहायला गेले आणि त्यांचं गल्लीतलं दोन खोल्यांचं जुनं घर या दोघांनी घेतलं. भिंती हातभर रुंद, दार सागवानी, त्याला पितळी कडी. खोट एकच, वरचं माळवद. लाकडी कड्यांवर, म्हणजे आडव्या वाशांवर, फळ्या आणि फळ्यांवर माती, असलं ते जुन्या पद्धतीचं छत. गळू नये म्हणून कल्याणरावांच्या घरचे दर साली मृगाआधी पांढऱ्या मातीचा नवा थर चढवत गेले. जुना थर कोणी कधी काढला नाही. साठून साठून माती गुडघ्याएवढी झाली होती आणि कड्या खाली वाकल्या होत्या. ती सगळी माती काढायची, कुजकी लाकडं काढायची आणि वर पत्रे ठोकायचे, असा बेत होता. मिस्त्री लावायचा नाही, हे वनमालानं आधीच ठरवून टाकलं होतं. दसऱ्यानंतर टोळी निघणार. त्याआधी पोर आणि सासू या घरात, कडी लावून. बस्स.

आता ऐका घोटाळा कुठं झाला तो. उसाच्या फडात आधी तोडायचं, मोळ्या बांधायच्या, एका जागी रचायच्या आणि ट्रक आला की सगळं एकदम वाहायचं. पंधरा वर्षांची सवय! इथंही तसंच. पूर्वेच्या कडेपासून पात धरल्यासारखी माती उकरत आणायची आणि गल्लीच्या बाजूला, पश्चिमेच्या कोपऱ्यात ढीग घालायचा. दुसऱ्या संध्याकाळी ट्रॅक्टर आला की सगळी माती एकदम खाली ढकलायची. वनमालाला हे इतकं सरळ वाटलं की त्यात काही विचार करायचा असतो, हेच तिच्या डोक्यात आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्वेची बाजू पार फळ्यांपर्यंत साफ झाली आणि पश्चिमेला कमरेएवढा ढीग उभा राहिला. शिडीही त्याच बाजूला टेकलेली.

"पाणी पिऊन येतो," म्हणून अजिनाथ शिडीवरून उतरून घरात गेला. माठ आतल्या खोलीत होता.

वनमालानं फावडं मारलं आणि पायाखालून आवाज आला. करकर करत लांबलेला, लाकडाचा. फळ्या एकदम हलल्या. ढिगाचा कोपरा वीतभर खाली बसला आणि आतून धुळीचा लोट वर आला.

"हालू नको!" खालून अजिनाथ ओरडला. "वनमाला, हाय तिथंच ऱ्हा!"

"काय झालं? आवं, काय झालं?"

"मधला खांब उथळ्यावरून सरकलाय." उथळा म्हणजे खांबाखालचा दगड. छताचा सगळा भार पेलणारी तुळई त्या एका खांबावर. "मी धरलाय. शिडीकडं जाऊ नको, तिकडं पाय ठिवला की सगळंच येईल."

वनमाला जागच्या जागी खाली बसली. भ्याली ती. उगीच कशाला लपवायचं, पार गळाठली. पूर्वेला बघितलं तर शेजारची पडकी जागा, दोन पुरुष खोल, खाली दगड आणि वेडी बाभळ. पश्चिमेला ढीग आणि ढिगापलीकडे शिडी. सोयाबीनची काढणी चाललेली, सगळी गल्ली रानात गेलेली.

"तुमी बाहेर पळा!" ती ओरडली. "सोडा त्यो खांब! मी बघते माझं!"

खालून तो म्हणाला, "न्हाई निघता येत. पाय आडकलाय माझा. खांबाखाली."

ती पुढं सरकली, ढिगाच्या अलीकडे पालथी पडली, फावडं लांब धरलं आणि माती आपल्याकडे ओढायला लागली. अर्धं टोपलं भरायचं, गुडघ्यांवर रांगत पूर्वेच्या कडेला न्यायचं, बाभळीत ओतायचं आणि पुन्हा रांगत मागं यायचं. भराभर ओढावं तर फळ्या हलायच्या, सावकाश करावं तर जीव राहायचा नाही. जन्मात कधी तिनं इतकं हळू काम केलं नव्हतं.

"लई दुखतंय का हो?"

"न्हाई. तू सावकाश काढ."

"रगत येतंय का?"

"न्हाई म्हणलं न्हवं! बोलू नको, काढ."

त्याचा आवाज दाताखाली दाबल्यासारखा येत होता. प्रत्येक टोपल्यामागं ती त्याला हाक मारायची आणि तो हूं म्हणायचा. एकदा हूं आलं नाही. तिनं परत हाक मारली तेव्हा आलं. तेवढ्यात आतल्या देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला फोन वाजायला लागला. शाळेच्या मधल्या सुट्टीत घरी येऊन संस्कृती आजीच्या फोनवरून रोज लावायची तो. वाजून वाजून थांबला, परत वाजला.

"उचलू नका!" वनमाला ओरडली. जसा काही त्याला हात मोकळा होता!

मग लाकूड पुन्हा करकरलं आणि खालून अजिनाथ कण्हला. तेव्हा तिला कळून चुकलं की टोपल्याटोपल्यानं हे व्हायचं नाही. गल्लीत या वेळी घरी असणारा माणूस एकच होता. कालच त्याला घरी बस म्हणून तिनंच सांगितलं होतं. वनमालानं मान ताठ केली आणि सगळा गळा लावून हाक मारली, "धुळाजी मामा! ओ मामा! चुकलं माझं! या हो, माळवद बसतंय! माझा माणूस आडकलाय आत!"

तीनदा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडताना तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली.

म्हातारा अनवाणी आला. गल्लीतून एकवार वर बघितलं, ढीग बघितला, आणि काल काय झालं याचा एक शब्द काढला नाही. "बसूनच ऱ्हा पोरी. फावडं ठिव आता," एवढं म्हणाला आणि तसाच पळत पारावर गेला. महादेवाच्या देवळापुढं मांडवाच्या लाकडी बल्ल्या पडलेल्या होत्या. बंकट नावाचा पिठाच्या गिरणीवाला आणि आणखी एक जण, दोघांच्या खांद्यावर चार बल्ल्या देऊन त्यानं त्यांना हाकलत आणलं आणि तिघंही घरात शिरले.

वर वनमालाला नुसते आवाज ऐकू येत होते. "इकडून घाल. आरं, तुळईला लाव, कडीला न्हाई. ठोक. आणखी ठोक." प्रत्येक ठोक्याला तिच्याखालच्या फळ्या थरथरायच्या आणि ती डोळे मिटून घ्यायची. किती वेळ गेला कोण जाणे. मग धुळाजींचा आवाज आला, मोठा, "सोड आता. आरं, सोड की, चारी टेकू बसलेत!"

मग बंकटनं शिडी ढिगाकडून काढून लांब, घराच्या दुसऱ्या भिंतीला लावली आणि तिला उतरवून घेतलं. दारातून अजिनाथ बाहेर आला. चालत आला. धुळीनं पांढराफटक, सदरा फाटलेला, उजवा खांदा सोलून निघालेला, पण दोन्ही पायांवर, धडधाकट चालत.

वनमाला त्याच्यापुढं मटकन खाली बसली. त्याचा एक पाय चाचपला, मग दुसरा चाचपला. साधं खरचटलेलंही नव्हतं.

"कंचा पाय आडकलता?"

अजिनाथ सदऱ्यावरची धूळ झटकायला लागला.

"मी इचारतीय, कंचा पाय?"

"कशाचा पाय घेऊन बसलीस?" धुळाजी म्हणाले. "मी आत गेलो तवा ह्यो खांबाला मिठी मारून उभा व्हता. दार चार पावलांवर. कवाच निघून आला असता."

वनमालानं वर बघितलं. "मंग खोटं कावून सांगितलं?"

अजिनाथ पायरीवर बसला. श्वास धड लागत नव्हता त्याचा. "तुझ्यासाठी धरलाय म्हणलो असतो, तर मला मोकळं करायला तू वरून उडी मारली असती. वळखतो न्हवं मी तुला."

मारलीच असती. त्याला पळा म्हणाली तेव्हा दोनदा तिनं त्या बाभळीकडे बघितलं होतं, पदर खोचलासुद्धा होता.

मग जे तिचं तोंड सुटलं ते विचारू नका. तुमी मेला असता म्हंजे? पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी? कुणी सांगितलं व्हतं शाणपण? रानातून परतणाऱ्या बाया डोक्यावरचे भारे तसेच घेऊन गल्लीत थांबल्या. वनमाला रडत होती, नाक पुसत होती आणि त्याला नाही नाही ते बोलत होती. आणि बोलता बोलताच त्याच्या खांद्यात घुसलेल्या खांबाच्या काड्या नखानं एकेक करून काढत होती. तो खांदा तिच्यापुढं करून बसून होता.